अंगठ्याची संमती

देवगिरी किल्ल्याच्या पायथ्याशी, दौलताबाद गावात, आमचे जुने घर आहे. घरात लहानथोर मिळून सतरा माणसे, मागील बाजूस पेरूची व सीताफळांची बाग आणि पलीकडे थोडीशी कोरडवाहू जमीन. हा सारा व्याप आमचे थोरले काका अण्णा सांभाळतात. अण्णांचा हिशेब चोख, बोलणे तुटक आणि मन वरून दिसते त्याहून पुष्कळ मऊ. शेतीच्या कामाकरिता दर पाडव्यास सालगडी ठेवण्याची आमच्याकडे वहिवाट आहे. गेल्या पाडव्यास सातपुड्याकडील एक तरुण जोडपे कामावर राहिले. बहिणीच्या लग्नाचे देणे फेडावयाचे होते, म्हणून नवऱ्याने सालाची अर्धी रक्कम उचल म्हणून आधीच मागितली. अण्णांनी ती मोजून दिली. कागद मी लिहिला आणि शाईची डबी पुढे करून त्याचा अंगठाही मीच घेतला. साल पुरे होण्यापूर्वी काम सोडल्यास उचलीची सर्व रक्कम एकदम परत करावी, तोवर अन्यत्र जाऊ नये, असा त्यातील मजकूर होता. तो मी मोठ्याने वाचून दाखविला होता. त्याला तो उमगला की नाही, हे मात्र मी विचारले नव्हते.

भाद्रपदात त्याच्या गावाहून निरोप आला की, बापाने अंथरूण धरले आहे, शेवटचे पाहावयाचे असल्यास निघून यावे, आणि पुढे घरचे पाहावयास दुसरे कोणी नाही. जोडपे ओसरीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. अण्णा म्हणाले, "जायला माझी ना नाही. पण उचल ठेवून जा. कागद झाला आहे." पैसे तर केव्हाच सावकाराच्या घरी गेले होते. तो काही बोलला नाही. पायरीवर बसून राहिला, आणि त्याची बायको गोठ्याकडे वळून नेहमीप्रमाणे शेण काढू लागली.

त्या रात्री आमच्या पंक्तीत जेवण कमी आणि वादच अधिक झाला. माझी धाकटी पुतणी कायद्याचा अभ्यास करते. ती म्हणाली, "अण्णा, पैसे फिटेपर्यंत त्याने हलायचे नाही, म्हणजे आपण माणूसच विकत घेतला म्हणायचा." अण्णा संतापले. "विकत? मी काय त्याला धरून आणला होता? पैसे त्याने मागितले, अंगठा त्याने आपखुषीने दिला. आता शब्द त्याने पाळायचा की आम्ही?" काकूंनी ताकाचे भांडे पुढे सरकवून विषय मोडला. मी गप्प होतो, कारण अंगठा घेणारा हात माझा होता.

झोप येईना, तेव्हा माजघरातील कपाट उघडून आजोबांच्या पुस्तकांतील नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भाषणांचा खंड काढून बसलो. 'आपखुषी' ह्या एकाच शब्दाची चिरफाड गोखल्यांनी शंभर वर्षांमागे एका मोठ्या सभेत केली होती, इतके अंधुक स्मरत होते.

आपल्या घरांतून गोखल्यांचे नाव अपरिचित नाही. न्यायमूर्ती रानड्यांचे शिष्य, टिळकांचे प्रतिपक्षी, फर्ग्युसन कॉलेजातील अध्यापक, भारत सेवक समाजाचे संस्थापक, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा खरडा पुढे आणणारे मुत्सद्दी, इतके आपणांस शाळेपासून ठाऊक असते. परंतु पोटासाठी घर सोडून गेलेल्या, निरक्षर, बहुतांशी परप्रांतीय मजुरांच्या न्यायासाठी ह्या गृहस्थांनी आपल्या आयुष्याची शेवटची पाच-सहा वर्षे झिजविली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आज तीच सांगावी असे मनात आहे.

प्रथम तो प्रश्न काय होता, ते पाहू. इ. स. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटाने वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. गुलाम मोकळे झाले, परंतु उसाचे मळे तेथेच राहिले आणि साखरेची मागणीही कमी झाली नाही. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. १८३४ पासून मॉरिशस, १८३८ पासून ब्रिटिश गियाना, १८४५ पासून त्रिनिदाद, १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ आणि १८७९ पासून फिजी, अशी एकेक वसाहत हिंदी मजुरांनी भरू लागली. ही पद्धती बंद होईतो सुमारे बारा-तेरा लक्ष माणसे अशा रीतीने समुद्रापार गेली. त्यांतील फार मोठा भाग बिहार, संयुक्त प्रांत व मद्रास इलाखा येथील होता. तथापि प्रारंभीच्या काळात मुंबई बंदरातूनही मॉरिशसकडे जहाजे गेली आणि त्यांतून कोकणातील व घाटावरील मराठी माणसे गेली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत आणि गणेशचतुर्थीस त्या देशात सार्वजनिक सुटी असते.

जाणाऱ्या मजुराकडून पाच वर्षांच्या करारावर अंगठा घेतला जाई. ह्या 'अ‍ॅग्रीमेंट' शब्दाचे मजुरांच्या तोंडी 'गिरमिट' झाले, आणि तो करणारा गिरमिट्या ठरला. करार दिवाणी स्वरूपाचा दिसे, परंतु तो मोडल्यास शिक्षा फौजदारी होती. कामावर न येणे, मळ्याची हद्द परवानगीवाचून ओलांडणे, मालकाला सोडून जाणे, ह्यांसाठी दंड व तुरुंग. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका पाठवाव्यात असा नियम होता, आणि अशा वस्तीत संसाराची व स्त्रियांच्या अब्रूची काय दशा होत असेल, ह्याची कल्पना आमच्या वाचक-भगिनींस सहज करता येईल.

गोखल्यांना हे प्रकरण समजण्यास त्यांचे बालपणही साह्यभूत झाले असावे असे मला वाटते. ते ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळुक येथे जन्मले. वडील लवकर वारले. थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी स्वतःचे शिक्षण सोडून नोकरी धरली. महिना पंधरा रुपये पगारातील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. एकाने परगावी राबावे तेव्हा दुसऱ्याच्या घरी चूल पेटावी, हा अनुभव त्यांच्या घरचाच होता.

दुसरी शिकवण कडू होती. 'सुधारक' पत्राची इंग्रजी बाजू लिहिताना आणि सार्वजनिक सभेचे त्रैमासिक चालविताना त्यांची लेखणी घडली होती. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास विलायतेस गेले असता पुण्यातील मित्रांची पत्रे त्यांच्या हाती पडली. प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांची विटंबना केल्याची हकीकत त्यांत होती. गोखल्यांनी ती तेथील वृत्तपत्रात प्रसिद्ध केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला; तो उभा करणे त्यांस शक्य झाले नाही, आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्वकीयांकडून त्यांची फार निंदा झाली. ते दुःख त्यांच्या मनातून कधी गेले नाही. पण त्यानंतरचे त्यांचे कोणतेही भाषण काढून पाहा. आकड्यावाचून विधान नाही आणि सरकारी कागदाच्या आधारावाचून आरोप नाही. दुबळ्यांची बाजू मांडणाऱ्याचा एक आकडा चुकला तर त्याचे फळ त्या दुबळ्यांनाच भोगावे लागते, हे ते एकतिसाव्या वर्षी शिकले.

हीच शिदोरी घेऊन २५ फेब्रुवारी १९१० रोजी ते वरिष्ठ कायदेकौन्सिलात उभे राहिले. नाताळमध्ये गिरमिट्या मजूर पाठविण्यास बंदी करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा त्यांचा ठराव होता. नाताळात त्या वेळी काय चालले होते? गिरमिटाच्या पहिल्या वर्षी मजुरास महिना १० शिलिंग मिळत. पाच वर्षे संपल्यावर तो स्वतंत्र होऊन तेथे राहू लागला, तर त्याने दरसाल ३ पौंड कर भरावा, असा कायदा १८९५ साली करण्यात आला. तीन पौंड म्हणजे साठ शिलिंग, अर्थात त्या पहिल्या पगाराच्या हिशेबाने सहा महिन्यांची कमाई. पुढे १९०३ साली हा कर मुलांवरही बसला. सोळा वर्षांवरील मुलगा आणि तेरा वर्षांवरील मुलगी त्यात आली. नवरा, बायको, एक मुलगा व एक मुलगी अशा घरास दरसाल बारा पौंड! कर भरता येत नसेल तर पुन्हा गिरमिट करा किंवा हिंदुस्थानात परत जा, असा त्यातील हेतू. मजूर हवा, माणूस नको. हात हवे, शेजार नको. गोखल्यांचा ठराव सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळास होणारी मजुरांची रवानगी बंद झाली.

दुसरा कोणी येथे थांबून सत्कार स्वीकारता. गोखले थांबले नाहीत. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला, तो असा की, गिरमिटाची पद्धतीच समूळ बंद करावी. ह्या वेळी सरकार अनुकूल नव्हते. दोनच वर्षांपूर्वी सँडरसन कमिटीने ह्या पद्धतीस अनुकूल असा अहवाल दिला होता, आणि सरकार पक्षाचे मुख्य उत्तर आमच्या अण्णांचेच होते: मजूर आपखुषीने जातो, मॅजिस्ट्रेटापुढे करार होतो, त्याला तिकडे चार पैसे अधिक मिळतात, मग तुम्ही मध्ये पडणारे कोण?

गोखल्यांनी ह्या आपखुषीचे धागे एकेक करून सोडविले. तो मजूर अशा दूर देशी जातो, ज्याची भाषा, रीत व हवा त्यास ठाऊक नाही. तो अशा मालकाशी बांधला जातो, ज्यास त्याने पाहिले नाही आणि ज्याची निवड त्याने केली नाही. त्याचे कामाचे स्वरूप त्यास पुरते कळलेले नसते, आणि शेजारचा मोकळा मजूर त्याच कामाचे किती घेतो हेही नसते. एवढे करून मुख्य गोष्ट राहतेच: करार मोडल्यास तुरुंगात जावे लागते, हे त्यास निघताना कोणी सांगत नाही. ज्या गोष्टीने कराराचे सारे स्वरूप पालटते, तीच ज्या कागदात लिहिलेली नाही, त्या कागदावरील अंगठ्यास संमती कशी म्हणावी? एका बाजूस शिकलेला, धनवान व सरकारचे पाठबळ असलेला मळेवाला, आणि दुसऱ्या बाजूस दुष्काळाने पळालेला निरक्षर कुणबी. ह्या दोघांमधील कराराला बरोबरीचा करार म्हणणे हीच गोखल्यांच्या मते मूळ लबाडी होती. मळ्यांवरील आत्महत्यांचे वाढते प्रमाणही त्यांनी सरकारी कागदांतूनच काढून सभेपुढे ठेवले.

मते घेण्यात आली. ठरावास अनुकूल २२, प्रतिकूल ३३. सरकारी बहुमतापुढे ठराव पडला. गोखल्यांनी सभागृहास बजावले की, तो मान्य होईपर्यंत आम्ही पुन्हा पुन्हा आणू.

त्याच वर्षी ते स्वतः दक्षिण आफ्रिकेस गेले. मधुमेहाने शरीर पोखरलेले, वय शेहेचाळीस. २२ ऑक्टोबर १९१२ रोजी ते केप टाउन येथे उतरले आणि सुमारे चार आठवडे गांधींच्या सोबतीने त्यांनी तो देश पाहिला. ह्या प्रवासातील दोन लहान गोष्टी गांधींनी लिहून ठेविल्या आहेत, त्या आपल्या घरांतील मुलांस अवश्य सांगाव्यात. पहिली ही की, हिंदी लोकांच्या सभेत इंग्रजीत न बोलता मराठीत बोलावे, असा गांधींनी आग्रह धरला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान व काही मराठी हिंदू होते. गोखले मराठीत बोलले आणि गांधींनी त्यांचे हिंदुस्तानीत भाषांतर केले. ज्यांची इंग्रजी वाणी ऐकून व्हाइसरॉयही सावध होत, त्यांनी परदेशातील सभेत कष्टकऱ्यांशी आपल्या माजघरातील भाषेत बोलावे, ह्याचा त्या लोकांस किती आनंद झाला असेल! दुसरी गोष्ट उपरण्याची. रानड्यांनी दिलेले एक उपरणे गोखले जिवापाड जपत व विशेष प्रसंगीच वापरीत. जोहान्सबर्गच्या मेजवानीपूर्वी ते चुरगळलेले होते आणि धोब्यास देण्यास वेळ नव्हता. गांधींनी इस्त्री करण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्यांच्या वकिलीवर विश्वास असला तरी धोबीपणावर नाही, अशा आशयाची थट्टा गोखल्यांनी केली. अखेर गांधींनी इस्त्री केली आणि ती त्यांच्या पसंतीस उतरली. टॉलस्टॉय फार्मवर तर इतर मंडळी जमिनीवर निजतात हे पाहून ह्या आजारी पाहुण्याने स्वतःसाठी खाट घेण्याचेही नाकारले.

१४ नोव्हेंबर रोजी प्रिटोरिया येथे जनरल बोथा, स्मट्स प्रभृती मंत्र्यांशी त्यांची भेट झाली. तीन पौंडांचा कर रद्द होणार, अशी खात्री बाळगून ते बाहेर आले. गांधींनी तेव्हाच शंका बोलून दाखविली, आणि ती खरी ठरली. सरकारने कर रद्द केला नाही आणि वचन दिल्याचेही नाकारले. गोखल्यांच्या सौम्य नीतीवर टीका करणाऱ्यांस येथे बोट ठेवावयास जागा आहे, आणि ती झाकण्याचे कारण नाही. सभ्य माणसाचा शब्द सभ्य माणूस मोडीत नाही, ही त्यांची समजूत होती. सत्ताधाऱ्यास मात्र ज्याची मते नाहीत त्यास दिलेला शब्द मोडणे फारसे जड जात नाही.

परंतु ह्या मोडलेल्या शब्दातूनच पुढचा लढा पेटला. १९१३ साली गांधींनी कराचा प्रश्न सत्याग्रहात घेतला, न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांनी काम बंद केले, आणि नोव्हेंबरात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया व ५७ मुले सरहद्दीकडे चालत निघाली. इकडे डॉक्टरांचा सल्ला बाजूस सारून गोखले वर्गणी गोळा करीत, तारा करीत, सरकारास जागे करीत देशभर हिंडले. अँड्र्यूज व पिअर्सन ह्यांस त्यांनीच तिकडे धाडले. १९१४ साली दक्षिण आफ्रिकेत नवा कायदा होऊन कर रद्द झाला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुणे येथे गोखले निवर्तले. एकूणपन्नासावे वर्ष पुरे झाले नव्हते. पुढील वर्षी, २० मार्च १९१६ रोजी, पंडित मदनमोहन मालवीय ह्यांनी गिरमिट बंद करण्याचा ठराव पुन्हा आणला, आणि ह्या वेळी व्हाइसरॉय हार्डिंज ह्यांनी तो स्वीकारला. १९१७ साली भरती थांबली, आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले गिरमिट्येही मोकळे झाले. ठराव पडल्या दिवसापासून आठ वर्षांच्या आत ती पद्धती नाहीशी झाली, आणि हा दिवस पाहण्यास मूळ ठराव आणणारे नव्हते.

हे वाचीत असता पहाट झाली. खिडकीतून किल्ल्याची काळी कडा दिसू लागली आणि मनात आले की, आमचे गावही ह्याच गोष्टीचे साक्षी आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलखाने दिल्लीची माणसे येथे हलविली. एका आंधळ्यास ओढीत आणले तेव्हा त्याचा नुसता पाय येथे पोचला, अशी कथा इब्न बतूता सांगतो. तो स्वतः हिंदुस्थानात पोचला ते ह्या घटनेनंतर काही वर्षांनी, तेव्हा कथा ऐकीव आहे. सर्व दिल्ली नव्हे, तर मुख्यतः अमीर, विद्वान व अधिकारी वर्ग हलविला गेला, असे इतिहासकार मानतात. पुराव्याचा नियम सुलतानालाही लागू केला पाहिजे. तरी माणसास त्याच्या इच्छेवाचून हलविणारी सत्ता आणि इच्छेवाचून जखडून ठेवणारी सत्ता ह्या एकाच जातीच्या, हे ह्या किल्ल्याखाली राहणाऱ्याने विसरू नये.

आमच्या गावावरून मनमाडकडे जो लोहमार्ग जातो, त्याच मार्गावर, पूर्वेस करमाडजवळ, ८ मे २०२० रोजी पहाटे सोळा मजूर मालगाडीखाली मरण पावले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी ही मध्य प्रदेशातील तरुण मंडळी. टाळेबंदीने काम गेले, गाड्या बंद झाल्या, म्हणून रुळांच्या वाटेने ती घराकडे चालत निघाली होती आणि थकून तेथेच निजली. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे चित्र त्या वेळी आपण सर्वांनी पाहिले. आमच्या घरी त्या दिवशी काकूंनी दुपारचे पान वाढले आणि स्वतः मात्र जेवल्या नाहीत.

आणि ह्याच मराठवाड्यातून, विशेषेकरून बीड जिल्ह्यातून, दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. मुकादम आधी उचल देतो. नवरा-बायकोच्या जोडीस 'एक कोयता' म्हणतात. माणसाचे नाव हत्यारास नव्हे, हत्याराचे नाव माणसास! एक दिवस काम चुकले तर 'खाडा' म्हणून पैसे कापले जातात. सहा महिने फडाच्या कडेला कोपीत संसार. मुलांची शाळा सुटते. खाडा पडू नये म्हणून तरुण बायका गर्भाशय काढून घेतात, ही गोष्ट २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेली आणि तिची चौकशी झाली. हंगाम संपून उचल फिटली नाही, तर ती पुढल्या सालावर चढते. गिरमिट आणि उचल ह्यांत भेद नाही असे मी म्हणणार नाही. आज फौजदारी तुरुंग नाही, समुद्र नाही, चैत्रात घर दिसते. आणि ज्याच्या घरी पाऊस पडला नाही त्यास ती उचलच जगविते, हेही तितकेच खरे. परंतु साखरेसाठी, आगाऊ पैशाच्या बळावर, न वाचता दिलेल्या अंगठ्याने माणूस हलविला जातो आणि मग जखडला जातो, हे सूत्र तेच आहे. १९७९ साली स्थलांतरित मजुरांसाठी केंद्राने कायदा केला, तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांपुरता. बीडहून सांगलीस जाणारा त्यात बसत नव्हता. ऊसतोड कामगारांसाठी आता राज्यात महामंडळ स्थापन झाले आहे. ते कागदाबाहेर किती येते, हे पाहण्याचे काम गोखल्यांसारखी चिकाटी असणाऱ्यांचे आहे.

सकाळी अण्णा चहा घेऊन ओसरीवर बसले, तेव्हा १९१२ च्या त्या भाषणाचा सारांश मी त्यांस सांगितला. ते शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाले, "पण ठराव पडला ना?" मी म्हटले, "हो, बावीस विरुद्ध तेहतीस." पुतणी जवळच उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, आणखी एक आहे. उचल दिली म्हणून माणसाला दुसरीकडे जायची मनाई करणे, हे १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्याने बेकायदा आहे. आपला कागद कोर्टात टिकायचा नाही."

अण्णा बराच वेळ किल्ल्याकडे पाहत राहिले. मग मला म्हणाले, "कागद तू लिहिलास. तूच आण." मला वाटले, ते तो फाडणार. अण्णांनी तो फाडला नाही. हिशेबाचा कागद फाडणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी 'अन्यत्र जाऊ नये' ह्या शब्दांवर रेघ मारली, खाली 'जमेल तेव्हा फेड, मुदत नाही' असे लिहून सही केली, आणि सालगड्यास बोलावून तो मजकूर दोनदा सावकाश सांगितला. मग विचारले, "समजले का? काय समजले ते मला सांग." पाडव्यास हे मी विचारावयास हवे होते. काकूंनी वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या आणि दुपारच्या गाडीने ते दोघे गेले.

त्यास आता तीन महिने होत आले. तो परत आला नाही. बाप गेल्याचा निरोप तेवढा आला. सीताफळांचा बहर आम्हा घरच्यांनाच उतरवावा लागला आणि बरीच फळे झाडावर पिकून वाया गेली. उचलीची रक्कम आमच्यासारख्या घरास लहान नव्हे. अण्णांच्या वहीत ती 'येणे' ह्या सदरात उभी आहे. ती येईल अशी खात्री मी वाचकांस देऊ शकत नाही. न्याय केल्याने लाभच होतो, असे सांगणाऱ्या गोष्टींवर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. लाभ झाला नाही तरी तो करावयाचा असतो, एवढेच गोखल्यांच्या त्या पडलेल्या ठरावावरून मी शिकलो.

येत्या पाडव्यास आमच्या घरी पुन्हा कोणी तरी परगावचा माणूस कामास राहील. कागद करावयाचा तर त्याच्या भाषेत करावा, त्यास समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे, आणि निघून जाण्याची त्याची वाट मोकळी ठेवावी, असे अण्णांनी ठरविले आहे. वाचकहो, आपल्याही घरी स्वयंपाकीण, माळी, रखवालदार, बांधकामावरील मजूर अशी दूरची माणसे असतील. त्यांच्या उचलीचे कागद आपल्याही कपाटात असतील. एखाद्या संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून ते काढून वाचावेत, इतकीच ह्या महिन्याची विनंती.